मण्यांची पिशवी आणि प्रसिद्धीचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या शाळांत व्यवसाय-मार्गदर्शनाचे वारे वाहू लागतात. वैद्यकीय, अभियांत्रिकी, वाणिज्य, स्पर्धा परीक्षा हे जुने रकाने आपल्याला पाठ आहेत. अलीकडे मुले आणखी एका रकान्याबद्दल विचारतात, आणि तिथे आपण शिक्षक मंडळी एकतर हसून सोडून देतो किंवा रागावतो. तो रकाना म्हणजे ‘इन्फ्लुएन्सर’. शब्दाचा सरळ अर्थ प्रभाव पाडणारा. प्रभाव पाडणे हा आपला धंदा व्हावा असे एखाद्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला वाटते, यात खरे तर हसण्यासारखे काही नाही. आपणही वर्गात दुसरे काय करत असतो?

या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून आता चालणारही नाही. २०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५,००० माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांत ‘कंटेंट क्रिएटर लॅब’ उभारण्याची घोषणा झाली. मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या संस्थेमार्फत हे काम व्हायचे आहे. घोषणेचा मूळ रोख अॅनिमेशन, दृश्य-परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या कौशल्यांवर आहे. पण ‘कंटेंट क्रिएटर’ हे दोन शब्द कानावर पडताच मुलांच्या आणि पालकांच्या डोळ्यांपुढे चित्रकलेचे टेबल येत नाही. हातातल्या फोनकडे बघून बोलणारा चेहरा येतो. तो चेहरा पुष्कळदा प्राजक्ता कोळीचा असतो. तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात करू.

प्राजक्ता कोळी मूळची ठाण्याची. शिक्षण मुलुंडच्या वझे-केळकर महाविद्यालयात, विषय जनसंज्ञापन. लहानपणापासून रेडिओवर निवेदन करायची इच्छा होती, म्हणून फीव्हर १०४ या एफएम केंद्रावर तिने वर्षभर उमेदवारी केली. पुढे तिला स्वतःचा कार्यक्रमही मिळाला. तो चालला नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिने यूट्यूबवर ‘मोस्टलीसेन’ ही वाहिनी सुरू केली. आज त्या वाहिनीचे सबस्क्रायबर ७० लाखांहून अधिक आहेत. २०२० साली ‘मिसमॅच्ड’ ही मालिका, २०२२ साली ‘जुगजुग जियो’ हा चित्रपट, त्याच वर्षी संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने भारतात दिलेली युवा हवामान-दूताची जबाबदारी, नंतर एक इंग्रजी कादंबरी, आणि २०२५ साली ‘टाइम’ नियतकालिकाच्या जगभरातल्या शंभर ‘क्रिएटर्स’च्या यादीत नाव. ओळीने वाचले तर वाटते, हा जिना आहे. पहिल्या पायरीवर पाय ठेवला की झाले.

आधी तिचे काम पाहू. कारण आकड्यांच्या गदारोळात कामाकडे कोणी पाहतच नाही. सुरुवातीच्या तिच्या चित्रफिती म्हणजे तीन-चार मिनिटांचे प्रहसन. आई तीच, बाप तीच, मुलगीही तीच. आवाजाची पट्टी आणि मानेची ठेवण बदलून ती माणसे उभी करते. नेपथ्य असे काही नाही, घरातलीच एखादी खोली. हे वाटते तितके सोपे नाही. एकाच व्यक्तीने दोन पात्रांचा संवाद म्हणताना उत्तर किती क्षणांनी यायला हवे हे कानाला कळावे लागते, आणि तो कान तिने रेडिओत कमावला असावा असे मला वाटते. चेहरा दिसत नसताना केवळ आवाजाने माणूस उभा करण्याची सवय तिथे लागते. मध्यमवर्गीय घरातल्या आईच्या बोलण्यातली लय तिने चांगली ऐकलेली आहे.

उणीव आहे ती पात्रांत. ‘अमक्या प्रसंगी भेटणाऱ्या लोकांचे प्रकार’ हा साचा या माध्यमातल्या सर्वांचाच लाडका, तिचाही. पण प्रकार म्हणजे माणूस नव्हे. प्रकार ओळखला की प्रेक्षक ‘अगदी आमच्याकडेही असेच’ म्हणून हसतो आणि चित्रफीत मित्राला पाठवतो. त्या पाठवण्यावरच सगळा डोलारा उभा असल्यामुळे, ज्याला ‘आमच्याकडे असे नसते’ असे कोणी म्हणेल ते लिहिलेच जात नाही. परिणाम असा, की प्रहसनातले घर कोणत्याही शहरातले असू शकते. ठाणे-मुलुंडच्या मुलीच्या कामात ठाणे-मुलुंड फारसे ऐकू येत नाही, आणि भाषाही घरची नाही. हिंदी-इंग्रजीची सरमिसळ आहे. यात तिचा दोष काढायचा नाही. बाजार मोठा तिकडे भाषा वळते, हे मुंबईत नवे नाही. उलट २०१६ साली सारंग साठये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी ‘भारतीय डिजिटल पार्टी’ सुरू केली ती मराठीत, आणि तिथली आई ही मराठी आईच वाटते; तिला दुसऱ्या शहरात हलवता येत नाही. दोन्हींची तुलना वरच्या वर्गातल्या मुलांकडून करून घेण्यासारखी आहे. प्रेक्षकांची संख्या आणि पात्राचा खरेपणा या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून चालत नाहीत, हे त्यांचे त्यांनाच सापडेल.

आता त्या जिन्याकडे वळू. यशस्वी माणसाची मुलाखत घेऊन त्यातून यशाचे नियम काढणे ही पद्धत वर्तमानपत्री पुरवण्यांना फार प्रिय आहे. ‘रेडिओवरचा कार्यक्रम बंद पडला, पण तिने जिद्द सोडली नाही’ हे वाक्य वाचून मुलगा निष्कर्ष काढतो की जिद्द सोडली नाही तर यश मिळते. प्रयोगशाळेत असा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला आपण विचारू, ‘तुलनेसाठी दुसरा गट कुठे आहे?’ जिद्द न सोडताही ज्यांना कोणी पाहिले नाही त्यांची मुलाखत छापली जात नाही. अंधेरी पश्चिमेला वर्सोव्याच्या आराम नगरात जाऊन या. तिथल्या जुन्या बैठ्या बंगल्यांत चित्रपटांच्या आणि जाहिरातींच्या निवड-चाचण्या चालतात आणि छायाचित्रांचे गठ्ठे घेऊन तरुण मुले-मुली फिरत असतात. त्यांची जिद्द कमी असते असे म्हणायची माझी छाती नाही. फोनवरच्या चित्रफितींचे आराम नगर मात्र डोळ्यांना दिसत नाही, कारण त्यातला प्रत्येक जण आपापल्या घरी बसलेला असतो. एवढाच फरक.

मग यश निव्वळ दैवाने येते म्हणायचे का? हा प्रश्न विज्ञानाच्या कक्षेत आणता येतो, आणि आणलाही गेला आहे. कोलंबिया विद्यापीठातील मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी एक सुंदर प्रयोग केला. तो २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अप्रसिद्ध वाद्यवृंदांची ४८ गाणी त्यांनी संगणकावर ठेवली. १४,३४१ जणांनी ती ऐकली, त्यांना गुण दिले आणि हवी ती उतरवून घेतली. एका गटाला फक्त गाण्यांची नावे दिसत. इतरांनी काय निवडले ते कळत नसे. या गटाची पसंती म्हणजे गाण्याच्या मूळ गुणवत्तेचे एक माप. उरलेल्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगांत’ वाटले होते. प्रत्येक जगात, आपल्या आधी आलेल्या किती जणांनी कोणते गाणे उतरवून घेतले त्याचा आकडा गाण्यासमोर दिसे. सुरुवात सर्व जगांत शून्यापासून, गाणी तीच, श्रोते तसेच.

निकाल विचार करायला लावणारा होता. आकडा दिसू लागताच लोकप्रिय आणि अप्रिय गाण्यांतले अंतर वाढले. शिवाय वेगवेगळ्या जगांत वेगवेगळी गाणी वर चढली. एक गाणे गुणवत्तेच्या मापाने २६ वे, म्हणजे अगदी मध्यम. ते एका जगात पहिले आले आणि दुसऱ्यात ४० वे. सर्वांत चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, सर्वांत वाईट सहसा डोक्यावर बसली नाहीत. मधल्या मोठ्या घोळक्याचे मात्र काहीही होऊ शकले. प्रयोगाच्या दुसऱ्या भागात गाणी आकड्यांच्या क्रमाने, जास्त पसंतीचे वर अशी मांडली. तेव्हा विषमता आणि अनिश्चितता दोन्ही आणखी वाढल्या. आजच्या फोनवर चित्रफिती ज्या रीतीने पुढे येतात, ती या दुसऱ्या मांडणीचीच पुष्कळ पुढे गेलेली आवृत्ती आहे. कोण काय किती वेळ पाहतो हे टिपून, त्याप्रमाणे पुढचे काय दाखवायचे ते संगणक ठरवतो.

वर्गात हे समजावायला संगणक लागत नाही. मण्यांची एक पिशवी पुरते. प्रत्येक गटाला एक कापडी पिशवी द्या. आत एक लाल आणि एक पांढरा मणी. न बघता एक मणी काढायचा, रंग लिहायचा, तो परत टाकायचा आणि त्याच रंगाचा आणखी एक मणी आत घालायचा. असे २० वेळा. शेवटी पिशवीत २२ मणी होतील. त्यांत लाल किती? सुरू करण्यापूर्वी अंदाज विचारा. जवळजवळ सगळा वर्ग ‘दहा-बारा’ असे म्हणेल, कारण दोन्ही रंगांना सुरुवातीला सारखीच संधी आहे. मग फळ्यावर प्रत्येक गटाचा आकडा लिहा. कुणाकडे १९ लाल, कुणाकडे ४, कुणाकडे ११. गणित सांगते की १ पासून २१ पर्यंतचा प्रत्येक आकडा येण्याची शक्यता अगदी सारखी, २१ पैकी १ आहे. मोठ्या मुलांना दोन वेळा काढण्यापुरते हे कागदावर तपासायला लावा. दोन्ही वेळा लाल येण्याची संभाव्यता १/२ गुणिले २/३ म्हणजे १/३. दोन्ही वेळा पांढरा येण्याची तितकीच. उरली मिश्र, तीही १/३. हे प्रतिमान एगेनबर्गर आणि जॉर्ज पोल्या यांनी १९२३ साली मांडले, साथीच्या रोगांसारख्या एकातून एक वाढणाऱ्या घटनांच्या अभ्यासासाठी.

प्रयोग इथे थांबवू नका. आणखी २० वेळा मणी काढायला सांगा. आता लालचे प्रमाण पूर्वीइतके हेलकावत नाही. ज्या पिशवीत लाल मणी भरमसाट झाले तिथे ते तसेच राहतात. पहिल्या चार-पाच खेपांत जे घडले त्याने पुढचे सगळे बांधून टाकले. आणि मजा म्हणजे १९ लाल मण्यांचा गट आपल्या यशाचे कारण सांगू लागतो, ‘आम्ही पिशवी नीट हलवली होती’. ती वर्तमानपत्री मुलाखतच असते.

अर्थात मणी सारे सारखे असतात. माणसे आणि गाणी नसतात. म्हणून पिशवीच्या प्रयोगातून ‘गुणवत्तेला किंमत नाही’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. गाण्यांच्या प्रयोगाने तो आधीच खोडला आहे. फार वाईट काम टिकत नाही, हेही तिथे दिसले. प्राजक्ता कोळीच्या बाबतीत कसब होते. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, ती पुरवण्यांत येत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिने पिशवीत पहिला मणी टाकला. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली, फोनवरची इंटरनेट सेवा एकदम स्वस्त झाली आणि कोट्यवधी नवे प्रेक्षक दाखल झाले. ते आले तेव्हा पिशवीत काही मोजकेच रंग होते. आज त्याच कसबाची मुलगी मुलुंडहून सुरुवात करील तर तिच्यापुढची पिशवी आधीच भरलेली आहे. यशाची तारीख हा यशाचा एक घटक असतो, आणि तो कोणत्याही जिद्दीने परत आणता येत नाही.

ही पिशवीही आपल्या मालकीची नसते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अॅप्सवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. लहान गावांतल्या, रूढ अर्थाने ‘दिसण्या-बोलण्यात’ न बसणाऱ्या कितीतरी मुलामुलींनी तिथे प्रेक्षक जमवला होता; तो एका रात्रीत गेला. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ सुरू केले, पण जुना प्रेक्षक सोबत नेण्याची सोय नव्हती. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. ज्या व्यवसायातले सारे भांडवल दुसऱ्याच्या कपाटात असते, त्याचे हे स्वरूप मुलांना ठाऊक असावे.

पैशाचा हिशेब तसा थोडक्यात होतो. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळवायचा तर १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तासांचे पाहणे जमावे लागते, किंवा ९० दिवसांत छोट्या फितींना १ कोटी वेळा पाहिले गेलेले असावे लागते. सातवीच्या मुलांनाही हे उदाहरण देता येईल : सरासरी प्रेक्षक ३ मिनिटे पाहत असेल तर ४,००० तासांसाठी किती वेळा पाहिले जायला हवे? उत्तर ८०,०००. हा केवळ उंबरठा. तो ओलांडल्यावर मोठ्या फितींच्या जाहिरात-उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा निर्मात्याला मिळतो. त्या वाट्यावर घर चालवणे कठीण, म्हणून बहुतेकांची नजर वस्तूंच्या जाहिरातींकडे वळते. ‘प्रभाव’ हा शब्द खरा इथे लागू होतो. प्रेक्षकांचा विश्वास ही विकाऊ वस्तू होते.

विज्ञानशिक्षकाला इथे विशेष लक्ष घालायला हवे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली नियम केला, की मोबदला घेऊन केलेल्या प्रसिद्धीवर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहिले पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार मोबदला म्हणजे फक्त रोख रक्कम नव्हे. फुकट मिळालेली वस्तू, सहल, सवलत, हेही त्यात आले. आणि जाहिरात ज्या भाषेत, त्याच भाषेत ही कबुली द्यायची. ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये परिषदेने आणखी एक पाऊल टाकले : आरोग्य किंवा पैशाच्या गुंतवणुकीबद्दल सल्ला देत जाहिरात करणाऱ्याकडे त्या विषयाची पात्रता हवी आणि ती त्याने सांगायला हवी. केस वाढवणारी तेले, ‘विषद्रव्ये काढणारी’ पेये आणि उंची वाढवणारी चूर्णे पाहणाऱ्या मुलांना एका आठवड्यातल्या अशा दहा फिती टिपून आणायला सांगा. कबुली आहे का, कुठे आहे, किती क्षण दिसते, कोणत्या भाषेत आहे? प्रतिपादनाला पुरावा कोणता? मराठीत बोललेल्या फितीच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरे सापडली, तर नियम वाचलेले मूल ते पाहून गप्प बसणार नाही.

या सगळ्याचा अर्थ मुलांना ‘तिकडे फिरकू नका’ म्हणावे असा होतो का? मला तसे वाटत नाही. नेमके बोलणे, तीन मिनिटांत गोष्ट सांगणे, प्रकाश कुठून घ्यावा, आवाज कसा टिपावा, कुठे कापावे, ही कसबे आहेत आणि शाळेत शिकवण्याजोगी आहेत. संपादक, ध्वनिमुद्रक, संहिता-लेखक या कामांना मुंबईच्या उपनगरांत आजही मागणी आहे आणि तिथे प्रसिद्धीची पिशवी लागत नाही. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात आंतरमहाविद्यालयीन एकांकिका पाहायला जाणाऱ्यांना आणखी एक फरक जाणवेल. तिथे पडलेला विनोद लगेच पडलेला कळतो, आणि तालमीला आलेला दिग्दर्शक का पडला ते सांगतो. फोनवर कळतो तो फक्त आकडा. आकडा ‘किती’ सांगतो. ‘का’ सांगत नाही. शिकणाऱ्याला मात्र ‘का’ हवे असते.

प्रभावच हवा असेल तर त्याचा एक वेगळा नमुना आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम करताना टाकाऊ वस्तूंपासून करायच्या खेळण्यांच्या छोट्या छोट्या फिती तयार केल्या. त्या मराठीसह अनेक भाषांत आहेत आणि कोणालाही फुकट पाहता येतात. त्यांत बहुतेक वेळ दिसतात ते हात, काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि स्ट्रॉ. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फिती पाहून किती वर्गांत खेळणी झाली असतील, याचा आकडा कुठल्याही पडद्यावर येत नाही.

म्हणून उद्या आपल्या शाळेच्या वाट्याला अशी एखादी ‘लॅब’ आली, तर वेळापत्रक करताना एवढे पाहावे : मुलांनी केलेली फीत प्रथम कोण पाहणार? ती थेट इंटरनेटवर गेली तर शिक्षक परत पिशवीच. ती आधी परिपाठाच्या वेळी दुसऱ्या तुकडीला दाखवली, पाहणाऱ्यांनी दोन प्रश्न विचारले आणि करणाऱ्यांनी ती पुन्हा कापली, तर गोष्ट वेगळी. यासाठी लागणारे सामान घोषणेत असेलच; लागणारा तास वेळापत्रकात कोणत्या विषयातून काढायचा, हे मुख्याध्यापकांशी आत्ताच बोलून ठेवलेले बरे.